शिकाऊ

हिराजी पावसे, राहणार पाजपंढरी,
माझ्या काउंटरपुढे उभे.
बर्फाने सुरकुतलेली बोटं, अंगाला बांगड्याचा वास,
आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी दुसऱ्या पिशवीत.
म्हणाले, बाय, लायसन काढायचा हाय.
कोणाचं? मुलाचं?
हसले. वरचे दोन दात नाहीत.
माजाच.

चौतीस वर्षं हर्णै ते खेड,
रात्री दोनला बर्फ, पहाटे चारला मासळी.
माझ्या भावाला गाडी त्यांनीच शिकवली,
ओहोटीला, ओल्या कडक पुळणीवर.
आठाचा आकडा आपण काढायचा,
भरती येऊन तपासायची.
पुसला म्हणजे पास.
शिकवलेले सगळे आज परवानाधारक:
एक एसटीत, दोन मस्कतला,
एकाचं तर दापोलीत ड्रायव्हिंग स्कूल,
पाटीवर स्टिअरिंगचं चित्र.
गुरूकडे मात्र नाक्यावर दाखवायला
केळीच्या पानात पापलेटाची जोडी.
हवालदार बदलत गेले, मासा लहान होत गेला,
आता नवा आलाय तो शाकाहारी.

जन्मतारीख एक जून, मास्तरांनी दिलेली.
आईच्या सांगण्याप्रमाणे आगोटीच्या आधी,
होड्या वर ओढल्या त्या दिवशी.
रक्तगट, ठाऊक नाही.
परवान्याचा प्रकार: शिकाऊ.
म्हणाले, परत सांग.
शिकाऊ. पहिला तोच असतो, सगळ्यांचा.

मग मी चिन्हं दाखवली, त्रिकोण, लाल गोल.
त्यांच्या रस्त्याला पाट्या नव्हत्याच कधी.
चिंच आली की दुसरा गिअर,
गुरवांचा कुत्रा भुंकला की उतार,
उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा आंबूस वास आला
की समजायचं, घाट संपला.

आणि तो रकाना.
यापूर्वी अपघात? होय. नाही.
माझं बोट 'नाही'वर गेलंच होतं.
थांब, म्हणाले.

पंखा फिरत होता.
मागे झेरॉक्सवाला कोणी खोकत होता.
पांगाऱ्याच्या वळणावरची मोरी.
बारा-तेरा वर्सा झाली. धुका व्हता.
काय तरी लागला पुढच्या चाकाला.
मऊ.
वासरू असल.
थांबलो नाय. थांबलो असतो
तं पयला कागदच मागितला असता.
दुसऱ्या दिवशी विचारलं नाही कोणाला,
विचारायचं तर सांगावं लागतं
आपण कुठून येत होतो, कसे.
वासरूच असल, पुन्हा म्हणाले,
तो शेवटचा ल ओढत,
उतारावर हँडब्रेक ओढावा तसा.
तेव्हापासून त्या मोरीवर
रिकाम्या रस्त्यालाही दोन हॉर्न.

संगणकाला दोनच उत्तरं येतात.
'असल' असा रकाना नसतो.
मी त्यांच्याकडे पाहिलं, ते पंख्याकडे.
मी बोट खाली आणलं.
कुठलं दाबलं ते मला ठाऊक,
आणि सर्व्हरला.

आता टेम्पोच्या काचेवर लाल एल आहे, जरा वाकडा.
शेजारी परवानाधारक माणूस हवा,
म्हणून माझा भाऊ जातो, डुलक्या घेत.
सांगतो, म्हातारा चाळीसच्या वर नेत नाही हल्ली.
वळणावर हात कापतो.
त्या मोरीपाशी गाडी बंद करतो, खाली उतरतो,
बॅटरी घेऊन कठड्याखाली बघत राहतो,
मागून बर्फ टपकत असतो
तरी.

काय शोधतात, मी विचारलं.
विचारलं नाही, भाऊ म्हणाला.
चहा संपवून कप विसळला, पालथा घातला.
मग म्हणाला, हॉर्न मात्र
वाजवत नाहीत आता.