तेविसाव्याची पाठ

जालन्यात, जुन्या मोंढ्यामागे, खलीलभाईंचा रद्दीचा काटा.
दर मंगळवारी जातो, पेन्शनीतले शंभर खिशात घालून.
ते वह्या तोलतात,
मी वह्यांच्या आत बघतो.

तिथेच सापडलं पहिलं, क्रमांक चार.
लिमलेटच्या गोळीबरोबर यायचं म्हणे, सदुसष्ट साली.
काडेपेटीएवढं, कडेला हिरवी पट्टी,
चित्रात फौजी. अंगावर वर्दी, पायात बूट,
हातात बंदूक नाही,
बेसबॉलचं दांडकं.

आमच्याकडे तेव्हा हा खेळ पाहिला होता कुणी?
गोळीवाल्या शेटजीनं कुठल्याशा परदेशी पाकिटावरून
उचलली असणार कल्पना.
पण पाठीवर जांभळ्या शाईत छापलंय, छातीठोक:
नाव, हुद्दा, जिल्हा, तालुका,
आणि खाली, सर्वात लांब फटका, तीनशे दहा फूट.

एकूण छत्तीस.
सात मिळाली एका शिंप्याच्या मापाच्या वहीत.
एक परतूरला, पत्त्यांच्या कॅटात,
हरवलेल्या चौकट गुलामाच्या जागी खेळत होतं.
अकरा नंबरसाठी मनगटावरचं घड्याळ दिलं.
घरी सांगितलंय, बसमध्ये पडलं.
नऊ वर्षं.
पस्तीस झाली. तेवीस नाही.

मग खलीलभाईंच्या मेव्हण्यानं निरोप धाडला,
वसमतच्या पुढं, दोन फाटे सोडून, एका ट्रंकेत.
परभणीला गाडी बदलली.
पिशवीत टीपकागद, मऊ कुंचला, पातळ पातं
आणि मोजून आठशे रुपये.

सोजरबाई बोचरेंनी ट्रंक उघडली.
डांबरगोळ्यांचा वास, एक मफलर, रेशनकार्ड,
आणि झाकणाला आतून चिकटलेलं
तेवीस.
मी पातं काढलं.
"सोलायचं न्हाई," म्हणाल्या. "खळ त्येनं सोता लावलीय."
आठशे रुपये त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत.

मग चहा आला.
"ह्यो कसला खेळ हो?"
बेसबॉल, म्हटलं.
त्या इतक्या हसल्या की बशीतला चहा सांडला.
"त्यो लंगरात रोट्या भाजायचा!
फोटोवाल्यानं येकच दांडकं आणलं हुतं,
धरा म्हणला आळीपाळीनं."

मी अल्बम काढला, भिंग लावलं.
चारवर, अकरावर, एकोणतिसावर,
मुठीच्या वर, बोटभर अंतरावर,
तोच टवका उडालेला.
नऊ वर्षं याच भिंगातून बघत होतो,
शाईचे ठिपके मोजत होतो.

"मंग कामून जमवता?" त्यांनी विचारलं.
बोललो काहीतरी.
काय बोललो ते आता आठवत नाही.

पाठ तर कधीच दिसणार नव्हती.
म्हणून कोरा पुठ्ठा कापला त्याच मापाचा,
आणि त्या सांगतील तसं लिहीत गेलो:
धुराजी बोचरे. लंगर. एका वक्ताला चारशे रोट्या.
परत आला.
साखर कारखान्याच्या गेटावर एकवीस वर्षं.
घरात कधी पोळपाटाला हात लावला नाही,
पण तव्यावर भाकर करपली
तर वेशीपासून वरडायचा.
डावखुरा.
(चित्रात दांडकं उजव्या हाताला आहे.)

तो पुठ्ठा आता तेविसाव्या खणात आहे,
माझ्या वाकड्या अक्षरात.
खलीलभाई म्हणाले, मुबारक हो, सेट पुरा झाला.
मी मान हलवली नाही.

तीनशे दहा फूट.
काल रात्री पुन्हा क्रमांक चार उलटा करून बसलो.
जिल्हा बीड नीट लागतो.
तालुक्यावर कधीचं गोळीचं पाणी सांडलेलं,
पहिलं अक्षर के आहे की गे,
केज की गेवराई.
बायको म्हणाली, दिवा मालवा.
म्हटलं, थांब,
जरा तू बघतेस का, तुझी नजर चांगली आहे.