कृपया हात लावा

शारजात बाहेर सेहेचाळीस,
आत तात्यांनी स्वेटर घातलाय.
वृंदाने तो मुद्दाम बॅगेत टाकायला लावला होता.
इथे माणूस उन्हाने नाही, एसीने आजारी पडतो
हे तात्यांना पटायला चार दिवस लागले.

दारातच पाटी. अरबीत, इंग्रजीत,
खाली पंजाचं चित्र: कृपया हात लावा.
तात्यांनी चष्मा नाकावर सरकवून ती दोनदा वाचली
आणि हात पाठीमागे बांधले.

चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान.
एक कपाट, त्याला कुलूप, किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात.
कपाटात लोहचुंबक, तळ गेलेलं चंचुपात्र,
बाटलीत फिकट होत गेलेला बेडूक
आणि मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक लोलक.
हात कुणी लावायचा नाही. लांबून बघा.
बाकी सगळं फळ्यावर.
डायनॅमो खडूने, डोळा खडूने,
वीजसुद्धा पांढऱ्या खडूने कडाडायची.

मिहिका ओढत नेते त्यांना,
साबणाच्या उंच बुडबुड्यात उभं करते,
मग आरशांच्या खोलीत, जिथे सतरा तात्या,
सतराही जणांचे हात मागे.
धातूच्या गोळ्यापाशी फिलिपिनो मुलगी म्हणाली,
"टच, अंकल, टच."
तात्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मग एक बोट. मग अख्खा तळवा.
कानांवरचे उरलेसुरले केस सावकाश उठले,
साहेब आल्यावर वर्ग उठतो तसे.
"अरे," ते म्हणाले, "पट्टा आतून जातो होय.
मी इतकी वर्षं बाहेरून काढत होतो."

हॉलच्या दोन टोकांना दोन प्रचंड पराती,
उभ्या, एकमेकींकडे तोंड करून.
इकडे पुटपुटलं की तिकडे थेट कानात.
तात्यांना पलीकडे बसवून मी परत आलो,
चाळीस पावलं. मध्ये पोरांचा कल्ला,
कुणाचं तरी अरबी रडणं.
परातीत तोंड घातल्यावर काय झालं कोण जाणे.
"गुरुजी," मी म्हणालो,
(शाळेत तात्या म्हणायची बंदी होती)
"लोलक लहानूने नाही फोडला. मी फोडला.
तुम्ही अंघोळीला गेला होतात, तेव्हा किल्ली घेतली."

लहानूला दोन तास उन्हात उभं केलं होतं.
लहानूची आता पोल्ट्री आहे.
परवाच त्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका पाठवली,
सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे.

परातीतून आवाज आला:
"बाबा, लोलक म्हणजे काय?"

तात्या केव्हाच उठून
पाण्याच्या कूलरपाशी गेले होते.

गाडीत स्टीअरिंगला हात लावत नव्हता.
पहिल्याच सिग्नलला तिने पुन्हा काढलं,
"आजोबा, लोलक म्हणजे?"
"कानातलं असतं गं," वृंदा म्हणाली, "लोंबतं ते."
मी आरसा नीट करत राहिलो. तो नीटच होता.
"कानातलंही," तात्या म्हणाले, "आणि काचेचाही असतो.
तिकोनी. त्यातून ऊन गेलं की फुटून रंग पडतात.
आमच्या शाळेत होता एक."
"मग?"
"मग पडला."
हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला.
"मग?"
"मग काय, तुकडे. पण तुकड्यांतूनही रंग पडतात की.
आधी एकाला दिसायचे, मग नऊ जणांना एकदम.
त्या वर्षापासून मी पोरांच्या हातात द्यायला लागलो."

मला हे माहीत नव्हतं.
त्या जूनमध्ये मी तालुक्याच्या शाळेत गेलो होतो.

"कापायचं नाही?"
"कापायचं," तात्या म्हणाले. "थोडं."

मी एसी जरा कमी केला.
तात्यांनी स्वेटरची बाही मागे सारली,
तळवा खिडकीच्या काचेवर ठेवला, बाहेरून तापलेल्या,
आणि पूल येईपर्यंत काढला नाही.