ओढ

वेंगुर्ल्यात, मेडिकलच्या वर, जिन्याला रेलिंग नाही,
तिथे माझी दीड खोली आणि एक यंत्र.
हप्ते अजून चौदा आहेत.
भिंतीवर एक पाठमोरी बाई, सपाट कमरेची,
यंत्रासोबत फुकट आलेली.

आज शेवंती मेथर आल्या. वय छप्पन.
सुनेने वाढदिवसाला दिलेलं कूपन
पदराच्या गाठीतून सोडवून टेबलावर ठेवलं,
सुट्या पैशांसारखं.
पोटावर ओला बोळा फिरवत मी विचारलं,
छातीत मशीन बसवलंय का, फिट येते का,
त्या म्हणाल्या, "बाळंतपणाक पण कोणी इतक्यां इचारूक नाय."

चार पॅड, दोन पट्टे.
आकडा दोनवर. मग तीन.
चारला त्या ताडकन उठून बसल्या:
"अगे, ही तर पाखट! जाळ्यात गावता ती,
हात लावलो काय खांद्यापर्यंत मुंग्ये."
मग हसल्या, परत आडव्या झाल्या.

पोट आपणहून आवळत होतं, सुटत होतं,
आवळत, सुटत,
आणि त्या मान उचलून बघत राहिल्या
शेजारणीच्या घरातलं भांडण बघावं तसं.
"रापण ओढताना असांच व्हायचां," म्हणाल्या,
"पण तेव्हां हातात दोरी होती."

मी काही बोलले नाही.
वीस मिनिटांचे सहाशे, पहिल्यांदा निम्मे.

अकराव्या मिनिटाला लाईट गेली.
पंखा थांबला. पोट सैल पडलं,
ओहोटीला होडी कलंडते तसं.
खाली बंदराकडे कोणीतरी बर्फ फोडत होतं.
"उरलेली नऊ मिनटां बुधवारी घेतंय,"
लुगडं सारखं करत त्या म्हणाल्या,
आणि दाराशी ठेवलेली पाटी डोक्यावर घेऊन
उतरल्या, त्या जिन्यावरून,
कशालाही हात न लावता, सरळ पाठीने.

रात्री छोटं यंत्र घरी नेते, बॅटरीवरचं.
बाबांचा डावा हात
अडीच वर्षांपूर्वी पेजेच्या वाटीत पडला, तो पडलाच.
कुडाळचा फिजिओ फक्त मंगळवारी येतो.
बाकीचे दिवस मी, त्याने शिकवलं तेवढंच.
कोपराखाली एक पॅड, मनगटाच्या वर एक.
आकडा तीन.

मूठ उलगडते.
एकेक बोट, चिकटलेली पानं सुटावीत तसं.
बाबा हाताकडे बघतात,
परगावच्या पाहुण्याकडे बघावं तसे, जरा अदबीने.
"तुम्ही उघडलीत?"
"नाय."
सहा सेकंद उघडी, सहा सेकंद बंद.
उघडते तेव्हा मी माझं बोट आत ठेवते,
करंट थांबतो, मूठ मिटते,
आणि बोट तिथे अडकतं, चांगलंच,
नखाखालचं रक्त पांढरं होईपर्यंत.

आज सात-आठ वेळा असं झाल्यावर म्हणाले,
"बंद कर गो तां. बघया."

मी बंद केलं.
बोट आतच राहू दिलं.