द्रावक: पाणी

वहीत तारीख टाकली, खाली लिहिलं: द्रावक, पाणी.
घागकाका मागून वाचत होते, चष्मा कपाळावर.
"पाणी? नळाचं?"
तानसाचंच, म्हटलं, वाफ करून पुन्हा थंड केलेलं.
एकतीस वर्षं माटुंग्याच्या या प्रयोगशाळेत
ते चंबू धुतायत. म्हणाले, पाण्याने आपण धुतो,
पाण्यात काही घडवतात हे नव्हतं ऐकलं.
तुमच्या नखापर्यंत सगळं पाण्यातच घडलंय,
हे मी बोलले नाही. उगाच शहाणपणा.

त्यांचं नाक पिरिडीनने खाल्लं.
घरी बोंबील तळतात, ते त्यांना
चुर्र आवाजावरून कळतं.

जुनी रीत अशी:
साखरेचे दोन्ही हात आधी बांधायचे,
नको तिथे लागू नयेत म्हणून
मध्ये अंतरपाट धरायचा.
जोडणी झाली की गाठी सोडायच्या.
मग त्या गाठी, त्या भिजल्या ते पिंपभर डीएमएफ,
सिलिकाचे खांबच्या खांब,
ग्रॅमभर पांढऱ्या पुडीपाठी बादल्याच बादल्या.
गुरुवारी टेम्पो येतो, तळोज्याकडे जातो.
पुढचं आम्ही विचारत नाही.

मी हात मोकळे ठेवले.
युरिडीनच्या पाचव्या जागी आयोडीन ऐसपैस बसलेलं,
त्याला उठवून दुसऱ्याला बसवायचं.
मध्यस्थ पॅलेडियम, चिमटीतही न येणारं,
पाण्यात उतरायला शिकवलेल्या फॉस्फिनच्या खांद्यावर.
ऐंशी अंश. तीन तास. मग आणखी तीन.
करडं, गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं काहीतरी.
रात्री साडेदहाला वहीत लिहिलं: फसलं.
चंबू धुवायच्या ट्रेमध्ये ठेवून दिवा मालवला.

काका सव्वासातला येतात. आधी ट्रे उपसतात.
मी नऊला पोचले तर सगळे चंबू उपडे, निथळत,
आणि एकच सरळ, माझ्या टेबलावर,
तोंडावर काचेची चकती, खाली चिठ्ठी:
"हे धुतलं नाही. रात्री नसेल ते आता आहे."

तळाशी पांढरं.

कसं ओळखलंत, विचारलं.
"घाण काचेला धरून राहते, बाई.
हे सुटं होतं. हलवलं तर पुन्हा खाली बसलं,
रवाळ तुपासारखं."

गाळलं, गार पाण्याने धुतलं, वाळवलं.
एकेचाळीस टक्के. सरांनी आकडा पाहून
नुसती भुवई उचलली.
पॅलेडियम किती मागे राहिलं ते अजून मोजायचंय,
आणि गाळून आलेलं पाणीही सिंकमध्ये सोडता येत नाही,
त्याचीही बाटली, तिच्यावरही लाल अक्षरं.
हिरवं हा शब्द अर्जात लिहायला सोपा.

तरी कोपऱ्यातला अतिनील दिवा लावला,
खिडकीवर काळा कागद ओढला.
चिमूटभर पुडी निळी झाली.
काका गुडघ्यांवर हात टेकून वाकले.
"याचा उपयोग काय?"
जनुकाच्या साखळीत हा मणी ओवला
तर जिथे बिघाड, तिथे उजेड पडेल, म्हटलं.
पडेलच असं नाही.
ते बराच वेळ वाकूनच होते.

गुरुवारी टेम्पोवाला पिंप उचलताना थबकला,
"हे हलकं कसं?"
"एकच आहे हलकं," काका म्हणाले, "बाकीची सहा बघ."

मग रिकामा चंबू त्यांनी सवयीने नाकाशी नेला.
"कसलाच वास नाही."
मी हातातून घेतला, हुंगला.
नव्हता.
त्या दिवशी आमची दोन्ही नाकं
एकच सांगत होती.