पाण्यात पाहणे

फेइरा दे सांतानाच्या हमरस्त्यावर
माझं गाड्या धुण्याचं दुकान.
दोन पाइप, एक पंप, भिंतीवर मीटर
आणि मीटरवर माझा डोळा.

जोसिवाल्दा कामाला लागली तेव्हाच म्हटलं,
ही बाई पंधरवडाभर टिकायची नाही.
गळ्यात पिवळ्या-हिरव्या मण्यांची माळ,
शुक्रवारी पांढरे कपडे,
पांढरे! आणि काढायचा काय, तर ट्रकचा चिखल.

पाइप तर कधी ओलांडायचीच नाही.
आडवा पडला असेल तर पार नळापर्यंत जाऊन
वळसा घालून पलीकडे यायची,
हातातली बादली हिंदकळत,
गिऱ्हाईक खोळंबलेलं.

चारच्या सुमाराला ऊन पाठीशी आलं
आणि फवाऱ्यात रंग उमटले
की हिचा हात थबकलाच.
नळी गाडीवरून बाजूला घ्यायची,
मान लववायची, पुटपुटायची,
अंगोरो.
तेवढ्यात चार लिटर पाणी गटारात.
मीटर बघून सांगतोय.

मी तिला पाण्यात पाहायचो.
ती पाण्यात त्याला.

एकदा चिडून विचारलं,
हा तुझा साप अंगोलाहून इथवर आला तरी कसा?
फडकं पिळत म्हणाली,
"एक टोक तिकडच्या किनाऱ्यावर, एक इकडच्या.
त्याला जहाज लागलं नाही, सेउ ओतासिलियो.
जहाज आम्हांला लागलं."
आणि चाकांकडे वळली.

मग ते कोरडं साल.
बावीस दिवस नळाला थेंब नाही.
तरी रोज यायची, सुक्या फडक्यानं काचा पुसायची,
संध्याकाळी पाइपचं वेटोळं करून
त्याचं पितळी तोंड त्याच्याच शेपटाला टेकवायची,
तान्हं पोर झोपवावं तसं.

एका शनिवारी बस बंद होती,
म्हणून तिला तेर्रेरोपर्यंत सोडलं.
मी आत गेलो नाही. पिकअपमध्येच बसलो.
दारावर ताडाच्या चिरलेल्या झावळ्या,
आत हातांनी वाजणारे ढोल,
खिडकीतून जेवढं दिसलं तेवढं दिसलं.
माझ्याकडे गुडघ्यांसाठी गोळी मागणारी ही बाई
जमिनीवर पोटानं सरकत होती,
अंगात एक हाड नसल्यासारखी.
मग उठली.
एक बोट आढ्याकडे, एक भुईकडे.
पुन्हा भुईकडे, पुन्हा आढ्याकडे.
मी हिशोबाचा माणूस, मला एवढंच कळलं
की इथलं तिथे जमा होतंय,
तिथलं इथे,
आणि वही अजून मिटलेली नाही.

पाऊस आला म्हणालो तर खोटं होईल.
आला तो अकरा दिवसांनी,
तोही धड नाही, धूळ नुसती ठिपक्यांची झाली.

सोमवारी दुकान उघडलं.
रात्री पोरांनी वेटोळं लाथाडलं असावं,
पाइप अंगणभर आडवा, कोरडा ठाक.
पंपाची किल्ली पलीकडच्या खिळ्याला.
एक पाय उचललाही होता मी.
बघायला कुणी नव्हतं, ती आठला येते.

नळापर्यंत गेलो.
तिथून वळलो.