खालून तिसरी ओळ

नाशिकरोडला उतरलो सकाळी सव्वासहाला.
रिक्षावाला म्हणाला, जेलरोड? दीडशे.
मी मनातल्या मनात पासष्टने भागलं,
दोन डॉलर तीस सेंट,
आणि घासाघीस न करता बसलो.
घरी कळलं तर ऐकून घ्यावं लागेल.

सतरा दिवस उलटं चाललं होतं.
सिंगापुरात कप उचलला की गुणाकार,
बस पकडली की गुणाकार.
ऋजुता म्हणायची, बाबा, गुणू नका हो,
घशाखाली उतरणार नाही.
पण एकतीस वर्षं ज्याने प्रेसमध्ये
नोटांचे ताव तपासले,
न कापलेले, शाईचा वास असलेले,
त्याला काय सांगणार, गुणू नकोस.

आम्ही पैसा पाहिला तो चुका काढण्यापुरता.
कुठे शाई पसरलीय, कुठे आकडा सरकलाय.
पाळी सुटली की गेटवर खिसे उलटे,
डब्याचं झाकण उघडं.
त्यामुळे चांगी विमानतळावर
ती पोरगी हात वर करा म्हणायच्या आतच
मी खिशांची अस्तरं बाहेर काढून उभा.
ती हसली. मग मीही.

शहर स्वच्छ आहे, हे सगळेच येऊन सांगतात.
मला तिथे चूक सापडत नव्हती
आणि त्यानं डोळे दुखायला लागले.
काचा, काचांत ढग, ढगांत पुन्हा काचा.
झाडंसुद्धा हजेरीला उभी.
मग जेवायच्या हॉलमध्ये दिसली
पंचाहत्तरीची एक बाई, कमरेत वाकलेली.
लोकांच्या उरलेल्या शेवया एका बादलीत,
हाडं दुसऱ्या.
मी माझं ताट स्वतः उचललं
तर हातातून ओढून घेतलं तिनं,
चिनीत काहीतरी बोलली.
ऋजुता म्हणाली, काही नाही, बसा म्हणतेय.
काही नाही असं नव्हतं ते.

स्टेशनात एकच सूचना चार भाषांत.
इंग्रजी, चिनी, मलय,
आणि चौथीपाशी मी थबकलो.
ही अक्षरं तर आपल्या ओळखीची!
वाचता येत नाहीत, पण
मागच्या क्वार्टरमधल्या माणसाला ओळखावं तशी.
नोटेच्या पाठीवर भाषांची पट्टी असते ना,
तिच्यात खालून तिसरी ओळ.
तिचा एक ठिपका पुसट असला
तर मी अख्खा ताव बाजूला काढायचो.

रविवारी लिटिल इंडियात
गवतावर पोरंच पोरं, फोन कानाला.
त्यातल्या एकासमोर, इळंगो नाव त्याचं,
मी शंभराची नोट धरली.
ऋजुता लांब उभी, ओशाळून.
म्हटलं, हे वाच.
त्यानं हात पँटला पुसले, मग घेतली.
तळव्याच्या रेषांत सिमेंट.
"नूरु रुबाय," म्हणाला.
मग फोन बंद करून पुन्हा, सावकाश,
"नूरु रुबाय."

एकतीस वर्षांनी त्या ओळीला आवाज फुटला.

तुमची कुठली, त्यानं खुणेनं विचारलं.
मी बोट ठेवलं. वर सात, खाली सात, मध्ये आम्ही.
शंबर, म्हणाला तो.
शंभर, म्हणालो मी.
त्याला आमचा भ जमेना,
मला त्याचा तो घोळलेला र.
तेवढ्यावरच दोघं बराच वेळ हसलो.
नोट त्यानं परत दिली, मी घेतली.
ठेव रे, म्हणायचं सुचलं ते विमानात.

रिक्षा प्रेसच्या भिंतीवरून वळली.
पन्नासाच्या नोटेबरोबर तीच शंभराची गेली.
त्यानं न बघता घडी घालून वरच्या खिशात टाकली.
बरोबरच आहे, नोट कोण वाचतं.

कोपऱ्यावर गांगुर्डे, हातात डबा, सातची पाळी.
"काय मग, लई महाग का हो तिकडं?"
खूप काही ओठांवर आलं.
त्यानं घड्याळाकडे पाहिलं.
"चहा एकशेतीस," मी म्हटलं.
"आयला," म्हणाला,
आणि गेटकडे निघाला
चालता चालता खिसे चाचपत.