वाजवी काळजी

खराडीत सातव्या मजल्यावर, रात्री अडीचला,
मी डुलुथमधली घरं तपासते.
डुलुथ पाहिलेलं नाही. बर्फ पाहिलाय तो
रसवंतीवरचा, भुशात लोळलेला, गोणपाटातला.

तरी विचारा मला.
पाणी गोठताना फुगतं. पाइप फुटतो तेव्हा गप्प असतो,
ऊन पडलं की बोलायला लागतो.
छपराच्या कडेला बर्फाचा बांध धरतो,
वितळलेलं पाणी मागे फिरून घरात उतरतं.
ते पॉलिसीत बसतं.
जमिनीवरून चढत आलेलं बसत नाही.
पाण्याला जात असते, हे इथे लागल्यावर कळलं.

हप्ता कसा ठरतो, आईने एकदा विचारलं होतं.
छप्पर किती जुनं, बंब किती लांब,
पूर्वी कधी भरपाई मागितलीत का.
मागितली असेल तर महाग.
"म्हणजे न मागणाऱ्याला स्वस्त,"
भाकरी थापता थापता ती म्हणाली.

आजची फाइल: ऑर्व्हिल लिंडक्विस्ट, वय एक्क्याऐंशी.
खुबा मोडून एकोणीस दिवस इस्पितळात.
बाहेर उणे एकतीस. भट्टीतलं तेल कधीतरी संपलं.
फोटोत लाकडी जमीन पापडासारखी उचललेली,
गालिचा बावीस वर्षांचा:
घसारा वजा जाता किंमत शून्य.
आणि खाली तो रकाना:
घर उबदार ठेवण्याची वाजवी काळजी घेतली होती का?
हो. नाही.

वाजवी हा शब्द मला
लक्ष्मी रोडच्या साड्यांच्या दुकानांवरून माहीत.

फरजाना म्हणाली, "नाही कर, सुटशील."
मी म्हाताऱ्याचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं.
तो तेलाबद्दल बोलतच नव्हता,
मांजर शेजाऱ्यांकडे आहे, एवढंच दोनदा सांगत होता.
चौदाव्या पानावर, उलटी स्कॅन झालेली,
डिसेंबरात टाकी भरल्याची पावती सापडली.
ती सरळ केली. जोडली. "हो" वर टिचकी मारली.
वृषाली कडलग ती परत पाठवेलही.

पहाटे कॅबमध्ये काचा बंद.
मुंढव्याच्या पुलावर धुकं, ड्रायव्हर कानटोपीत,
"नऊवर आलंय मॅडम, मरतंय माणूस."
मी हसले नाही. नऊ म्हणजे नऊच.

फुरसुंगीला आमच्या भिंतीवर ओल आहे,
वरच्या टाकवल्यांच्या न्हाणीची,
गेल्या दिवाळीपासून ताटाएवढी, आता परातीएवढी.
कर्जासोबत बँकेने गळ्यात मारलेला घराचा विमा
कपाटात होता, लग्नपत्रिकांच्या खाली.
बूट न काढता उभ्यानेच वाचला.
लोकांचे चारशे वाचल्यावर स्वतःचा पहिला.

आई चहा घेऊन आली. काय लिहिलंय?
म्हटलं, एकदम फुटलं तर देतात.
हळूहळू झिरपलं तर नाही.

तिने भिंतीला तळहात लावून पाहिला, पदराला पुसला.
"मग टाकवलेबाईंनाच सांगते परत,"
म्हणाली, आणि चप्पल शोधायला लागली.